शोनब्रुनची बाग आम्ही पाहिली

आम्ही उभयतांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बागा राखल्या. एकाची ३३ वर्षे नगरपालिकेच्या उद्यान खात्यात माळी म्हणून गेली, तर दुसरीची उमेद रोपवाटिकेत रोजंदारीवर पिशव्यांत माती-खत भरण्यात गेली. म्हणून युरोपातला एक जगप्रसिद्ध राजवाडा पाहून आल्यावर लोक जेव्हा विचारतात, "काय काय पाहिलंत?" तेव्हा आमच्या तोंडून आधी झाडांचीच हकिकत निघते, राजाराणीची मागाहून. वाचकांनीही ती तशीच ऐकून घ्यावी.

राजवाड्याचे नाव शोनब्रुन. तो ऑस्ट्रिया देशाच्या राजधानीत, व्हिएन्ना शहरात आहे. आमची थोरली मुलगी तिथल्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिला जाऊन चार वर्षे झाली. तिने कायमचे तिकडेच राहावे की परत यावे, हा प्रश्न आमच्या घरात वर्षभर चालला होता. फोनवर तो काही सुटेना. फोनवर कोणीतरी रडते आणि मुद्दा राहून जातो. शेवटी तिनेच तिकिटे पाठवली आणि म्हणाली, "या, डोळ्यांनी बघा, मग बोलू." खरे सांगायचे तर आम्ही गेलो ते तिला परत आणायच्या विचारानेच. गेल्या जुलैमध्ये पाच आठवडे राहिलो. तिला सुट्टी असली की ती आम्हाला या बागेत नेई. ती कामावर असली की आम्ही दोघेच शहरी रेल्वेने जात असू. भाषा येत नव्हती, पण स्टेशनावरच्या पाटीची अक्षरे ओळखीची झाली होती. तेवढ्यावर भागले. बागेत जायला तिकीट लागत नाही, हेही एक कारण होतेच!

शोनब्रुन म्हणजे सुंदर झरा. १५६९ साली माक्सिमिलियन दुसरा या सम्राटाने ही जागा विकत घेतली. तेव्हा इथे रान होते आणि राजघराणे शिकारीला येत असे. पुढे १६१२ साली मातियास या राजाला शिकारीच्या वेळी रानात एक निर्मळ झरा सापडला, अशी आख्यायिका आहे. त्यावरून हे नाव पडले. १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, त्या धामधुमीत इथली जुनी वास्तू उद्ध्वस्त झाली. त्यानंतर फिशर फॉन एर्लाख नावाच्या वास्तुशिल्पीने नव्या वाड्याचे काम हाती घेतले. आज दिसतो तो राजवाडा मात्र मुख्यतः मारिया थेरेसा या राणीच्या काळातला. तिने १७४३ पासून निकोलाउस पाकासी याच्या हातून तो वाढवून घेतला. हिवाळ्यात शहरातला मोठा वाडा आणि उन्हाळ्यात हा, अशी दरबाराची रीत होती. उन्हाळ्यापुरत्या या वाड्यात खोल्या किती? १४४१! राणीला सोळा मुले झाली हे लक्षात घेतले तरी हिशेब लागत नाही. आपल्याकडे एका खोलीत तीन पिढ्या नांदतात आणि पाहुणा आला तर त्यालाही कोपरा सापडतो.

या बांधकामाच्या पद्धतीला बरोक म्हणतात. आम्हाला समजले ते असे की, पाहणाऱ्याला दिपवून टाकणे हाच तिचा हेतू. सरळ लांबच लांब रस्ते, दोन्ही बाजूंना सारखीच मांडणी, आणि नजर जिथे थांबेल तिथे काहीतरी भव्य उभे केलेले. माणसाने त्यात आपण किती लहान आहोत हे ओळखावे.

ज्या झऱ्यावरून नाव पडले, त्याच्यावर बागेच्या एका बाजूला लहानसे घुमटीवजा घर आहे. आत एक दगडी अप्सरा हातातल्या घड्यातून पाणी ओतत बसली आहे. हे पाणी दरबाराच्या पिण्यासाठी जात असे. शहरातली सामान्य माणसे तेव्हा विहिरींच्या पाण्यावर भागवत. १८७३ साली डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी नळाने व्हिएन्नात आले आणि ते घराघरात गेले. आज त्या शहरात बागेत, चौकात पिण्याच्या पाण्याचे फुकट नळ आहेत. कोणीही ओंजळ धरावी. पाणी कोणाचे, हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही. आम्ही त्या दगडी अप्सरेपुढे थोडा वेळ उभे राहिलो आणि मग नळावर जाऊन पोटभर पाणी प्यालो.

राजवाड्याच्या आत जायला मात्र चांगले दणदणीत तिकीट आहे. थोरलीने हट्टाने काढले. चाळीसेक खोल्या पाहायला मिळतात. सोन्याचा मुलामा, आरसे, झुंबरे यांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे. आरशांच्या दालनात १७६२ साली सहा वर्षांच्या मोझार्टने राणीपुढे वाद्य वाजवले, हे सर्वांना सांगतात. आम्हाला तीन गोष्टी लक्षात राहिल्या.

पहिली म्हणजे शेगड्या. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात चिनी मातीची उंच, नक्षीदार शेगडी. पण तिला लाकूड घालायला पुढून दारच नाही! नोकर भिंतीमागच्या अरुंद वाटेने येत आणि मागूनच विस्तव पेटवत. राख सांडू नये, धूर होऊ नये आणि मुख्य म्हणजे नोकर दिसू नये. ऊब हवी, पण ऊब देणारा डोळ्यांपुढे नको. ही व्यवस्था समजल्यावर आमच्यापैकी एकजण पुढच्या सगळ्या खोल्यांत नक्षी सोडून भिंतीच बघत राहिली, मागची वाट कुठून जात असेल म्हणून.

दुसरी गोष्ट एका खोलीची. तिला 'दशलक्षाची खोली' म्हणतात. मौल्यवान लाकडाने मढवलेल्या भिंतींत साठ सोनेरी चौकटी आहेत आणि त्यांत आहेत आपल्याकडची चित्रे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या मोगल दरबारातील प्रसंग, घोडेस्वार, बागेत बसलेल्या स्त्रिया. चौकटी वाकड्यातिकड्या आकाराच्या, त्यांत चित्रे मावेनात. तेव्हा राजघराण्यातल्या मंडळींनी स्वतः ती कापली आणि तुकडे जोडून नवी चित्रे बनवली. भारतातल्या कोणा चिताऱ्याने केसाच्या कुंचल्याने महिनोन्महिने डोळे फोडून काढलेले चित्र, आणि त्याचा हा शेवट. चित्रे सुंदर दिसतात हेही खरे. तरी कापलेली कडा एकदा कळली म्हणजे मग तीच दिसत राहते.

तिसरी गोष्ट एक लोखंडी खाट. सम्राट फ्रान्झ योझेफ १८३० मध्ये याच वाड्यात जन्मला आणि १९१६ मध्ये याच वाड्यात वारला. त्याची खाट पाहून वाटते, ही तर सरकारी दवाखान्यातली! ६८ वर्षे राज्य केलेला हा माणूस पहाटे चारला उठून कागदपत्रे पाहायला बसत असे. त्याच्यानंतर दोनच वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, पुढच्या सम्राटाने इथल्याच निळ्या चिनी दालनात राज्यकारभार सोडल्याच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियात प्रजासत्ताक जाहीर झाले. सहाशे वर्षांहून अधिक काळ चाललेल्या घराण्याची सत्ता एका सहीने संपली.

आता बाग. सुमारे १६० हेक्टर, म्हणजे चारशे एकरांच्या आसपास. एका दिवसात पायी पुरी होत नाही. राजवाड्यापासून समोरच्या टेकडीपर्यंत फुलांच्या वाफ्यांचे रुंद पटांगण आहे आणि त्याच्या दोन्ही कडांना संगमरवरी पुतळे. पुतळ्यांच्या मागे मात्र दगडी भिंत नाही, झाडांची भिंत आहे. लिंडन, मॅपल, हॉर्स चेस्टनट अशी झाडे ओळीत लावून अशी छाटली आहेत की तीन-चार माणसे एकावर एक उभी राहतील एवढी उंच, सपाट, हिरवी भिंत तयार झाली आहे. आम्ही जन्मभर मेंदीची आणि ड्युरांटाची कुंपणे कापली. कंबरेएवढे कुंपण सरळ राखायचे तर सुतळी बांधावी लागते. वर थोडे अरुंद आणि बुडाशी थोडे रुंद ठेवावे लागते, नाहीतर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि बूड उघडे पडते. इथे तर मैलमैल भिंती!

एके दिवशी छाटणी चालू असलेली पाहायला मिळाली. यंत्राच्या पाळण्यात एक माणूस वर उभा राहून कापत होता आणि खाली दोघे दाताळ्याने पाला ओढत होते. पूर्वी हेच काम उंच शिड्यांवर उभे राहून हातकात्रीने होई. आम्ही तासभर तिथेच थांबलो. वरच्या माणसाच्या ते ध्यानात आले असावे. तो खाली उतरला तेव्हा आम्ही खुणेने त्याचे हत्यार पाहायला मागितले. त्याने आमच्या बोटांकडे पाहिले. कात्री धरून धरून आमच्या अंगठ्याच्या मुळाशी जो घट्टा पडला आहे, तो पाहून तो हसला आणि त्याने स्वतःचा पंजा उघडून दाखवला. भाषा लागली नाही.

चेस्टनटच्या झाडांकडे मात्र पाहवत नव्हते. ऐन जुलैमध्ये पाने तपकिरी, करपल्यासारखी. आधी वाटले, पाणी कमी पडले. थोरलीने तिच्या एका सहकारी बाईंना विचारून माहिती काढली. हा रोग नव्हे, एका इवल्याशा पतंगाची करामत आहे. त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरून आतला गर खाते. मॅसेडोनियातल्या ओह्रिड तलावाजवळ १९८० च्या दशकात तो प्रथम आढळला आणि १९८९ मध्ये ऑस्ट्रियात पोहोचला. त्याचे कोष गळलेल्या पानांत हिवाळा काढतात. म्हणून सोपा आणि खात्रीचा उपाय एकच: शरद ऋतूत पाने काळजीपूर्वक झाडून गोळा करायची आणि तिथे ठेवायची नाहीत. म्हणजे सम्राटांनी लावलेल्या झाडांचे रक्षण शेवटी खराट्याने होते. हे ऐकून आम्हाला फार बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

संत्र्या-लिंबांच्या झाडांसाठी इथे जवळजवळ १९० मीटर लांबीची इमारत आहे. थंडीत ती झाडे मोठ्या लाकडी कुंड्यांसकट आत न्यायची, जमिनीखालून ऊब द्यायची आणि उन्हाळ्यात पुन्हा बाहेर मांडायची. लिंबासाठी एवढा खटाटोप! आणि १८८२ मध्ये उघडलेले काचेचे ताडघर तर अजबच. लोखंडाच्या सांगाड्यावर हजारो काचा, लांबी ११० मीटरहून अधिक. १९४५ मध्ये बॉम्बवर्षावात जवळजवळ सगळ्या काचा फुटल्या आणि ऐन थंडीत आतली बहुतेक झाडे मेली. १९५३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, १९७६ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाले आणि दुरुस्तीनंतर १९९० मध्ये परत उघडले. आत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरली आणि नाकात आपल्या श्रावणातला ओला वास आला. आमच्यापैकी एकीचे डोळे तिथेच भरून आले. पाच आठवड्यांत तेवढे एकदाच.

शेजारी प्राणिसंग्रहालय आहे. ते १७५२ पासून अखंड चालू असलेले, जगातले सर्वांत जुने म्हणतात. आमचे पाय दुखत होते, आम्ही गेलो नाही.

ही एवढी बाग रयतेला कधी उघडी झाली? सन १७७९ च्या सुमारास. मारिया थेरेसाचा मुलगा योझेफ दुसरा याने हे केले. त्याने आधी १७६६ मध्ये प्राटर हे राजाचे शिकारीचे रान लोकांना खुले केले होते आणि १७७५ मध्ये आउगार्टन ही शाही बाग. आउगार्टनच्या दारावर त्याने जो मजकूर कोरून घेतला त्याचा आशय असा, की ही विरंगुळ्याची जागा सर्व माणसांना, त्यांची कदर करणाऱ्याकडून. तेव्हा सरदार मंडळी कुरकुरली, असे सांगतात. आता आम्ही आमच्या बरोबरीच्यांत फिरायचे कुठे? त्यावर योझेफ म्हणाला म्हणे, की मला माझ्याच बरोबरीच्यांत राहायचे म्हटले तर पूर्वजांच्या तळघरातल्या थडग्यांत जाऊन बसावे लागेल.

म्हणून या राजाला आम्ही देव्हाऱ्यात बसवणार नाही. त्याच्या राज्यातला शेतकरी आठवड्यातले काही दिवस जमीनदाराच्या शेतावर फुकट राबत होता. त्या वेठीला तिकडे 'रोबोट' म्हणत. योझेफने १७८१ पासून कुळांच्या बेड्या बऱ्याच सैल केल्या, पण वेठ पुरती गेली ती १८४८ च्या क्रांतीनंतर. पुढे १९२० मध्ये कारेल चापेक या चेक लेखकाने नाटकात राबणाऱ्या कृत्रिम माणसांना त्याच मुळाचा शब्द वापरला आणि तो जगभर झाला. आपली नातवंडे 'रोबो' म्हणून खेळणे मागतात, त्या शब्दाच्या पोटात वेठबिगार आहे.

हिरवळीवर चालू नये, अशी पाटी शोनब्रुनमध्येही आहे. आम्ही माळी, त्यामुळे आम्ही त्या पाटीच्याच बाजूचे. पण ती पाटी सर्वांना सारखी आहे. आम्हाला दुसरी एक हिरवळ आठवली. आमच्या गावी एका बड्या साहेबांच्या बंगल्याची बाग काही वर्षे आमच्याकडे होती. तिथली हरळी आम्ही एकेक ठोंब हाताने लावून वाढवली होती. थोरली तेव्हा सात वर्षांची. दुपारी भाकरी घेऊन आली आणि दमली म्हणून त्या हिरवळीवर बसली. साहेबांची मुले तिथेच चेंडू खेळत होती. व्हरांड्यातून आवाज आला, "माळ्याच्या पोरीला तिथनं उठवा." उठवायला दुसरे कोण होते? आम्हीच उठवले. त्या गोष्टीवर घरात पुन्हा कधी बोलणे झाले नाही. ती विसरली असेल, असे आम्ही धरून चाललो होतो.

टेकडीच्या माथ्यावर ग्लोरिएट नावाची कमानींची इमारत आहे, १७७५ ची. तिचे काही खांब आणि शिल्पे दुसऱ्या एका जुन्या राजवाड्यातून काढून आणून बसवली आहेत. तिथून खाली राजवाडा आणि पलीकडे सगळे शहर दिसते. जायच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघे चढून गेलो. वाटेत थोरली सांगत होती. राजेशाही गेल्यावर, १९१९ मध्ये, कामगारांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला या राजवाड्याचा काही भाग मिळाला. तिथे मुले राहत आणि मुलांना शिकवणारे शिक्षक तयार करण्याची शाळा चाले. ती १९२४ पर्यंत टिकली. आजही वाड्याच्या वरच्या मजल्यांवर भाडेकरू राहतात. बागेला लागून माळीकाम शिकवणारी सरकारी शाळा आहे. "बाबा, तिथे शिकून रीतसर पदवी मिळते," ती म्हणाली. आम्ही जे ३३ वर्षे केले, त्याला आमच्याकडे 'वर्ग चार' म्हणत.

वर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "बंगल्यातलं मला आठवतं. मी विसरले नाही."

मग बराच वेळ कोणी बोलले नाही. खाली वाफ्यांत पाण्याच्या तुषारांचे फवारे फिरत होते. ती हळूहळू बोलू लागली. इथेही सगळे गोड नाही. भाषेवरून हसतात. एका म्हाताऱ्या रुग्णाने, मला हात लावू नको, म्हणून सांगितले होते. पण त्या वेळी मुख्य परिचारिकेने त्यालाच समज दिली, हिला तिथून हलवले नाही. "मला उठवलं नाही आई," एवढेच ती म्हणाली. कायम राहण्याच्या अर्जासाठी तिला जन्माचा दाखला हवा होता. जो होता त्यावर तिचे नावच नव्हते. नुसते 'मुलगी' आणि पुढे बापाचे नाव, जसे त्या काळी लिहीत.

परत आणायचे म्हणून जे जे बोलायचे ठरवून गेलो होतो, ते आम्ही दोघांनीही काढले नाही. तिच्या आईने फक्त विचारले, "नाव घालायला काय काय कागद लागतात?"

गावी परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर जाऊन उभे राहिलो. शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, जुनी नोंद, तीन खेपा झाल्या. नाव घातलेला दाखला हातात आला, त्यावर लागणारे सरकारी शिक्के मुंबईला जाऊन घेतले, आणि टपालाने तो तिला पाठवून दिला.